कोळशाच्या कोठारावरचा पहारा

नियाझी उस्तादाच्या रजयांच्या दुकानात आरशाशेजारी एक खिळा होता, आणि त्या खिळ्यावर पन्नास वर्षं चामड्याचे हातमोजे टांगलेले होते. पिंजलेल्या कापसाचे तंतू दुकानात सगळ्यावर बसत. घड्याळावर, चहाच्या पेल्यांवर, गिऱ्हाइकांच्या भुवयांवर. हातमोज्यांवर मात्र बसत नसत. सकाळी दुकान उघडलं की नियाझी आधी ते झटकायचा, मग बिस्मिल्ला म्हणून पिंजण हातात घ्यायचा.

तुर्कस्तानातल्या झिले गावात त्या हातमोज्यांची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस नव्हता. लग्नाची रजई ठरवायला आलेल्या मायलेकी कापडाचा रंग पसंत पडेपर्यंत ती ऐकत. शेजारचा शाकिर न्हावी तर ती इतक्यांदा ऐकून बसला होता, की नियाझीला सुईत दोरा ओवायला वेळ लागला तर पुढचं वाक्य तोच म्हणून टाकायचा.

"एकाहत्तरचा हिवाळा," नियाझी सुरू करायचा. "आम्ही नवे रंगरूट. छावणी डोंगरमाथ्यावर. मला पहारा दिला कोळशाच्या कोठारावर. दोन तासांचा."

"बर्फ गुडघ्यापर्यंत," शाकिर.

"गुडघ्यापर्यंत. खांद्याला बंदूक. दोन तास झाले, बदलीचा माणूस नाही. चार झाले, नाही. असे आठ तास."

"मागच्या रमजानात सहा होते, उस्ताद."

"तू तुझा वस्तरा बघ. तर आठ तासांनी खुद्द मेजरसाहेब आले. म्हणाले, पोरा, गोठलास की रे. जा आत. मी म्हटलं, साहेब, मी तुम्हाला ओळखतो, पण माझा पहारा तुम्हाला ओळखत नाही. नाईक बदलीचा माणूस घेऊन येईल, तेव्हाच मी हलेन."

इथे नियाझी थांबायचा. दोरा दातांनी तोडायचा. आणि खिळ्याकडे न बघता म्हणायचा, "मेजरसाहेबांनी बघितलं माझ्याकडे. हातातले मोजे काढले, माझ्या हातात दिले, आणि गेले."

गोष्ट खरी होती. फक्त तिच्यात उभा राहिलेला माणूस नियाझी नव्हता.

उभा राहिला होता झुल्कुफ. पालूकडच्या डोंगरातला मेंढपाळाचा मुलगा, दरवाजातून वाकून आत येणारा. घरची बोली वेगळी, त्यामुळे हवालदाराचं 'डावा, उजवा' त्याच्या डोक्यावरून जायचं. शेवटी हवालदाराने त्याच्या डाव्या बुटाला कांदा बांधला, उजव्याला लसूण, आणि कवायतीच्या मैदानावर त्या एकट्यासाठी 'कांदा! लसूण! कांदा! लसूण!' असा पुकारा होऊ लागला. सगळी तुकडी हसायची. नियाझीही हसला होता. पण पाचवीपर्यंत शिकलेला असल्याने झुल्कुफला अक्षरं शिकवायचं काम त्याच्याकडे आलं, आणि पाटीवर झुल्कुफचं नाव गिरवता गिरवता दोघांची गट्टी जमली.

त्या बर्फाच्या दिवशी झुल्कुफ बारापासून पहाऱ्यावर होता, आणि दुपारी दोनला त्याच्या बदलीला नियाझीला जायचं होतं. पण सकाळीच मोठ्या हवालदाराला कळलं होतं, की हा पोरगा रजया शिवणाऱ्याचा मुलगा आहे. हवालदाराच्या बायकोच्या दोन रजया उसवल्या होत्या. नियाझीला गाद्यांच्या खोलीत बसवलं. तिथे शेगडी होती. गरम कापसाचा वास होता. हातात ओळखीची सुई होती, आणि महिनाभरात पहिल्यांदाच कुणी त्याच्यावर ओरडत नव्हतं. तो शिवत राहिला. पहाऱ्याचा नाईक शपथविधीच्या तालमीला गेला होता, त्यालाही यादी बघायची आठवण राहिली नाही. नियाझीला आठवलं तेव्हा खिडकी पार काळी झाली होती. तो धावत नाईकाला शोधायला गेला, त्याला घेऊन कोठारापाशी पोचला, तर झुल्कुफ जागचा हलला नव्हता. हातात मेजरचे मोजे होते. घालता येत नव्हते, कारण बोटं उघडत नव्हती. डाव्या हाताची दोन बोटं पुढे कधीच नीट वळली नाहीत.

झुल्कुफने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. शपथविधीनंतर सगळ्यांची वेगवेगळ्या छावण्यांत पांगापांग झाली, त्या दिवशी ट्रकमध्ये चढताना त्याने ते मोजे नियाझीच्या हातात कोंबले. "तुला सुई धरायची असते," एवढंच म्हणाला.

सक्तीची वीस महिन्यांची नोकरी संपवून नियाझी घरी आला. बापाने कहवाखान्यात सगळ्यांना चहा पाजला आणि विचारलं, "तर सांग, काय केलंस सैन्यात?" नियाझी खरं तेच बोलला, की बराच काळ रजया शिवल्या. हशा पिकला. बाप म्हणाला, "एवढ्या लांब जाऊनही गाद्याच भरल्यास होय?" तेव्हा नियाझीने हातमोज्यांची गोष्ट काढली. 'आमच्यातला एक जण' असंच म्हणाला होता तो. सांगून झाल्यावर कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने त्याच्या पट्ट्यात खोवलेल्या मोज्यांकडे बोट दाखवलं. "आमच्यातला एक जण म्हणे! लाजतोय पोरगा. तूच ना रे तो?"

नाही म्हणायला एक श्वास पुरतो. नियाझीने तो श्वास चहा फुंकायला वापरला.

त्यानंतर झुल्कुफची दोन पत्रं आली. वेडीवाकडी, मोठ्या अक्षरांतली, त्यानेच शिकवलेल्या अक्षरांतली. नियाझीने पहिल्याला उत्तर दिलं. दुसऱ्याला दिलं नाही. तोवर त्याच्या बोलण्यातून 'आमच्यातला एक जण' गळून गेला होता. झुल्कुफ मात्र गोष्टींत राहिला. कांदा-लसणीचा झुल्कुफ, पाटी उलटी धरणारा झुल्कुफ. हसण्याचा भाग नियाझीने त्याला देऊन टाकला होता आणि मान आपल्यापाशी ठेवला होता.

नातवाचा, ओनुरचा, फोन आला तेव्हा नियाझी एका गुलाबी रजईवर चांदणीचे टाके घालत होता.

"आजोबा, बसलाय ना? तुमचा तेर्तिप सापडला!"

तेर्तिप म्हणजे एकाच खेपेला भरती झालेला जोडीदार. बायको विसरेल, भाऊ विसरेल, तेर्तिप विसरू नये असं झिलेतले लोक म्हणतात. ओनुर चार वर्षं झुल्कुफच्या मुलखातल्या कॉलेजात शिकला होता, आणि लहानपणापासून ऐकलेलं नाव घेऊन त्याने पालूच्या आसपासची गावं पालथी घातली होती.

"जिवंत आहेत. ठणठणीत आहेत. मी त्यांना माझ्या निरोपाला बोलावलंय. येतो म्हणाले."

"काय सांगितलंस त्यांना?" नियाझीने विचारलं.

"म्हटलं, आजोबा आजही तुमची आठवण काढतात. रडलेच हो ते."

पुढच्या महिन्यात ओनुर स्वतः सैन्यात जाणार होता. घरासमोर ढोल-सनई वाजणार, अख्ख्या गल्लीला जेवण, आणि निघण्याआधी त्याच्या तळव्यावर मेंदी. मेंदी तिघांनाच, असं नियाझीची बायको मुनव्वर म्हणायची: कुर्बानीच्या मेंढ्याला, नवरीला आणि सैन्यात निघालेल्या पोराला. ती आजोबाच लावणार हे ओनुरने केव्हाच ठरवून टाकलं होतं. "बर्फात उभा राहिलेला हात आहे तो," म्हणायचा.

त्या महिन्यात नियाझीचे टाके वाकडे पडले. त्याने दोनदा हातमोजे खिळ्यावरून काढले आणि दोनदा परत टांगले. एकदा छातीत दुखतंय म्हणून पाहिलं. मुनव्वरने लिंबाचं पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमची छाती नाही दुखत. डोक्यात काहीतरी शिजतंय. सांगायचं तेव्हा सांगा." त्याने सांगितलं नाही.

झुल्कुफ सकाळच्या बसने आला. अजूनही वाकूनच उतरला. दाढी पांढरी, खांदे तेवढेच रुंद, काखोटीला फडक्यात बांधलेली सुकवलेल्या तुतींची पुरचुंडी. "तेर्तिप," म्हणाला, आणि त्याने नियाझीला असं कवळलं की टोपी पडली. पाठीवर त्याचा पंजा टेकला तेव्हा नियाझीला तीन बोटांची ऊब लागली आणि दोन बोटांची काठी.

वाटेत सांगावं असं त्याने ठरवलं होतं. पण वाटेत ओनुर होता, सामान होतं, दारादारातून सलाम होते. दुकानापाशी झुल्कुफ थांबला. काचेतून खिळ्याकडे बघत राहिला.

"अजून आहेत?"

"आहेत," नियाझी म्हणाला. पुढचे शब्द जुळवतोय तोच शेजारून साबणाच्या हातांनी शाकिर धावत आला.

"हाच तो! कांदा-लसूणवाला! ये बाबा ये, तुझ्यावर हसून हसून म्हातारे झालो आम्ही."

झुल्कुफही हसला. "कांदा डाव्याला होता," म्हणाला. "अजून बायको कांदा चिरायला बसली की माझा डावा पाय उचलतो."

शाकिरने त्याला फुकट दाढी करून द्यायला खुर्चीत बसवलं, आणि नियाझीची वेळ निघून गेली.

दुपारी अंगणात लांब चादरी अंथरून पंगत बसली. गहू आणि मटण सकाळपासून घोटून केलेलं केश्केक, वर लोण्याची धार. गल्लीतले सगळे सैन्यात जाऊन आलेले म्हातारे एका बाजूला बसले, आणि नेहमीप्रमाणे गोष्टी सुरू झाल्या. कुणी लांडग्याशी झुंजला होता, कुणी जनरलला रस्ता दाखवला होता. गावात एक न बोललेला करार होता: दुसऱ्याच्या सैन्यातल्या गोष्टीला कुणी खोड काढायची नाही. तुम्ही माझा लांडगा चालवून घ्या, मी तुमचा जनरल चालवून घेतो.

"आजोबा, आता तुमची," ओनुर म्हणाला. "झुल्कुफ आजोबांसमोर. त्यासाठीच आणलंय त्यांना."

नियाझीने चमचा ठेवला. "एकाहत्तरचा हिवाळा," म्हणाला. पुढे त्याला येईना. ज्या वाक्यांवर पन्नास वर्षं त्याची जीभ पायाखालच्या वाटेसारखी चालत आली होती, त्यांतलं एकही सापडेना.

"बर्फ गुडघ्यापर्यंत," शाकिरने हात दिला.

नियाझीने चमचा पुन्हा उचलला. ओनुरला वाटलं, आजोबांना जुन्या आठवणींनी भरून आलं. तो पाहुण्याकडे वळला. "मग तुम्ही सांगा. आजोबा आठ तास बाहेर उभे होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

झुल्कुफने घास गिळला. ओनुरकडे पाहिलं, मग भिंतीला टेकवलेल्या ढोलाकडे, मग नियाझीकडे. फार वेळ नाही, पापणी लवण्याइतकाच. तेवढ्यात त्याला सगळं कळलं हे नियाझीला कळलं.

"मी आत होतो," झुल्कुफ शांतपणे म्हणाला. "गाद्यांच्या खोलीत. शेगडीपाशी. रजई शिवत होतो. बदलीची पाळी माझीच होती. विसरलो."

शाकिर हसत सुटला. "मेंढपाळ आणि रजई! म्हणजे आमचा उस्ताद गोठला तो तुझ्यापायी होय रे? आणि सकाळी मी तुला फुकट दाढी करून दिली!"

लोक हसले. पण सगळे नाही. पहारा विसरणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, आणि म्हाताऱ्यांपैकी एक-दोघे चुकचुकले. ओनुर हसला नाही. ज्या माणसाला त्याने इतक्या लांबून, इतक्या मायेने आणलं होतं, त्याच्याकडे तो पाहत होता, आणि त्या नजरेतली माया थोडीशी मागे सरकली होती. अगदी थोडी. दार बंद न करता नुसतं लोटून घ्यावं तशी.

ती नजर आपल्या वाट्याची आहे, नियाझीला वाटलं. पन्नास वर्षं आपल्या नावावर येऊन पडलेली, आपण न घेतलेली. आणि हा माणूस ती गुपचूप स्वतःवर घेऊन जेवत बसलाय.

"शाकिर, गप," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "त्याला काही बोलू नकोस. गाद्यांच्या खोलीत मी होतो."

"म्हणजे?"

"रजई मी शिवत होतो. तुम्हीच विचार करा ना, मेंढपाळ कशाला शिवेल? बदलीची पाळी माझी होती. उभा हा राहिला. सहा तास. मेजरला हा बोलला. मोजे याचे आहेत. माझ्याकडे फक्त टांगायला होते."

शाकिरने हातातला घास ताटात परत ठेवला.

"आणि बंदूक नव्हती," नियाझी म्हणाला, कारण आता थांबता येत नव्हतं. "शपथ व्हायची होती. शपथेआधी रंगरुटाच्या हातात बंदूक देतात का रे कुणी? तुम्ही सगळे जाऊन आलात. काठी होती. काठी घेऊन उभा होता हा."

म्हातारे आपापल्या ताटात बघू लागले. त्यांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. पण प्रत्येकाच्या गोष्टीत कुठेतरी एक काठी होती, जिची वर्षांमागून वर्षं बंदूक होत गेली होती. मुनव्वर भांडं घेऊन आली आणि न विचारता झुल्कुफच्या ताटात दोन डाव केश्केक वाढलं. मग नवऱ्याच्या ताटातही वाढलं, एक डाव.

ओनुर उठून आत गेला.

नियाझी दाराकडे बघत राहिला. त्याच्या मनात आलं, आता पोरगा मेंदी न लावताच निघेल, आणि ते बरोबरच होईल. बाहेर ढोलवाला दोऱ्या आवळत होता. टिपरी एकदा पडली, थांबली.

ओनुर बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात मेंदीची वाटी होती. डोळे लाल होते. तो आजोबांसमोरून गेला, थांबला नाही, आणि झुल्कुफसमोर गुडघे टेकून त्याने उजवा तळवा पुढे केला.

"तुम्ही लावा," म्हणाला.

झुल्कुफने नियाझीकडे पाहिलं. नियाझीने मान डोलावली. झुल्कुफने जाड अंगठ्याने मेंदीचा गोळा पोराच्या तळव्यावर दाबला, आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटत मुठीवर लाल फडकं ठेवलं. मग त्याचा डावा हात फडक्याच्या टोकांशी झटापट करू लागला. दोन बोटं सरळच्या सरळ.

"माझ्याच्याने गाठ होत नाही," तो म्हणाला. "तेर्तिप, तू मार."

नियाझी सरकत जवळ आला. त्याची बोटं त्या वयातही सुईसारखी चपळ होती. त्याने फडक्याची टोकं घेतली, पण नातवाकडे बघायचं धाडस होईना.

"घट्ट मारा, आजोबा," ओनुर हलक्या आवाजात म्हणाला. "बस लांबची आहे."

ओनुर गेल्यावर झुल्कुफ आणखी चार दिवस राहिला. दुसऱ्या सकाळी दोघे दुकानात बसले होते. नियाझीने हातमोजे काढून त्याच्या मांडीवर ठेवले.

"तू असं का बोललास काल?"

"पाहुणा होतो. यजमानाला त्याच्याच अंगणात खाली बघायला लावू?" झुल्कुफने मोजे उलटेपालटे केले. "आणि खरं म्हणजे, मला तेव्हाच माहीत होतं."

"कधी?"

"तू नाईकाला घेऊन धावत आलास ना, तेव्हा. तुझ्या बाहीवर कापूस होता."

नियाझीने नकळत बाहीकडे पाहिलं. तिथे आजही कापूस होता.

"मग बोलला का नाहीस? मारलं का नाहीस मला?"

"बोटं वळत नव्हती," झुल्कुफ म्हणाला, आणि दोघांना हसू आलं. मग तो म्हणाला, "तू एका उबेच्या जागी बसला होतास. मीही उठलो नसतो. आमच्याकडे बर्फात उभं राहायला माणूस लहानपणीच शिकतो. तू शिकला नव्हतास." त्याने मोजे परत दिले. "मला हे नकोत. मला रजई दे. त्या दिवशी शिवत होतास तसली."

नियाझीने सगळ्यात चांगला कापूस काढला. पिंजण खाली घेतलं, आणि दोन दिवस दुकानात पिंजणीचा तो घुमणारा आवाज चालू राहिला. आभाळी निळ्या कापडावर त्याने फुलं काढली नाहीत, चांदण्या काढल्या नाहीत. साध्या सरळ ओळी घातल्या, जवळजवळ, घट्ट, ज्यांतून वारा शिरणार नाही. झुल्कुफ शेजारी बसून चहा पीत होता. एका गिऱ्हाइकाने खिळ्याकडे बघून विचारलं तेव्हा नियाझी म्हणाला, "त्यांना विचारा. त्यांची गोष्ट आहे."

झुल्कुफने पेला खाली ठेवला. "बर्फ पडला," म्हणाला. "मी उभा राहिलो. मेजर आला. मेजर गेला." आणि परत पेला उचलला.

गिऱ्हाईक वाट बघत राहिलं. पुढे काहीच आलं नाही. दारात टेकलेल्या शाकिरने कपाळावर हात मारला. "अरे देवा! पन्नास वर्षांची गोष्ट चार वाक्यांत संपवली याने. उस्ताद, पाया पडतो, तूच सांग. नावं बदलून सांग, पण तूच सांग."

"सांग," झुल्कुफही म्हणाला. "मलाही ऐकायचंय. आत काय होतं ते मला ठाऊकच नाही."

नियाझीने निळ्या रजईवर सुई टोचून ठेवली. ही बाजू त्याने कुणालाच, कधीच सांगितली नव्हती, स्वतःलासुद्धा धड नाही. शब्द नवे होते, खडबडीत होते. कुठे थांबायचं, दोरा कधी तोडायचा, काही ठरलेलं नव्हतं.

"एकाहत्तरचा हिवाळा," तो म्हणाला. "बाहेर बर्फ पडत होता, आणि मी उबेत बसलो होतो."